वसाहतकाळातली अमेरिका मुलांपर्यंत कशी पोहोचवायची: एक वस्तू आणि एक कागद

मुलांच्या डोक्यावर तिकोनी टोपी चढते, बरणीत साय घुसळून लोणी निघतं, फोटो होतात. दुसऱ्या दिवशी विचारलं की हे लोणी कोण काढायचं आणि ते कुणाच्या ताटात जायचं, तर मुलं गप्प. उलट बाजूला नुसती सनावळी शिकवली की परीक्षेपुरती डोक्यात राहते आणि मग पुसली जाते. दोन्हीकडे चूक एकच आहे. हाताचं काम आणि त्या काळात लिहिला गेलेला कागद यांची ताटातूट झालेली असते. म्हणून या लेखातला प्रत्येक उपक्रम जोडीने येतो: हातात धरायची एक वस्तू आणि तिच्याशी बांधलेला त्या काळातला एक दस्तऐवज.

सर्वांत आधी जागा आणि साल ठरवा. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत १६०७ मध्ये उतरलेला माणूस आणि बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये चहाच्या पेट्या फेकणारा माणूस यांच्यात १६६ वर्षांचं अंतर आहे. दोघांना एकाच वेशात उभं केलं की इतिहासाची खिचडी होते. 'तेरा वसाहती' हा शब्दही जपून वापरा, कारण तेरावी वसाहत जॉर्जिया हिला सनद मिळाली ती १७३२ मध्ये. आजचं न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं आणि फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्येच वसवलं होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर 'व्हर्जिनिया, १६७०' किंवा 'बोस्टन, १७७०' एवढंच लिहा. त्या जागी त्या साली जे नव्हतं ते खोलीत आणायचं नाही, हा नियम मुलांनाच पाळायला लावा. चूक पकडायला त्यांना फार आवडतं.

सुरुवातीला पंधरा मिनिटांचा एक खेळ चालतो. १७५२ च्या सप्टेंबरचं कॅलेंडर छापून द्या, पण काही न सांगता. बुधवारी २ तारीख आणि लगेच गुरुवारी १४. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी जुनी दिनगणना सोडून नवी घेतली, तेव्हा अकरा दिवस गाळले गेले. मुलांना विचारा: १० सप्टेंबरला ज्याचा वाढदिवस, त्याचं काय? महिन्याचं भाडं पूर्ण द्यायचं की कमी? त्यांचा वाद रंगू द्या आणि मग सांगा की कायद्यात याचा विचार केला होता: देणी अकरा दिवस आधी वसूल करायची नव्हती. त्याच वर्षापासून नवं वर्ष २५ मार्चऐवजी १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. म्हणूनच जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या गणनेत २२ फेब्रुवारी १७३२ असा दिसतो. जुन्या कागदावरची तारीखही आधी वाचायला शिकावी लागते, हे मुलांना इथेच कळतं.

दोरीचं घर आणि मालमत्तेची यादी

सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत खोल उतरणारा उपक्रम हाच. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये साध्या शेतकऱ्याचं घर पुष्कळदा २० फूट लांब आणि १६ फूट रुंद असे. लाकडी खांब थेट जमिनीत पुरलेले, पायाला दगड नाही. ७२ फूट दोरी घ्या, जमिनीवर हा आयत आखा, चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करा. १६ फुटांच्या एका बाजूला चुलाण्यासाठी आठ फूट जागा खडूने आखा आणि आत सहा-सात मुलांना उभं करा. हे अख्खं घर आहे, झोपायला वर माळा, एवढं सांगितलं की खोलीतला आवाज आपोआप उतरतो.

आता कागद. घरातला कर्ता मेला की न्यायालय शेजारच्या दोन-चार माणसांना नेमत असे. ते घरात फिरून चमच्यापासून गाईपर्यंत सगळ्याची किंमत मांडत. अशा शेकडो याद्या टिकून आहेत. व्हर्जिनियातल्या गन्स्टन हॉल या ऐतिहासिक वास्तूने १७४० ते १८१० या काळातल्या याद्यांचा मोठा संग्रह लोकांसाठी खुला केला आहे. तुमच्या ठरवलेल्या सालाजवळची, साध्या घरातली यादी निवडा. श्रीमंत मळेवाल्याची यादी दहा पानांची असते, मुलं त्यात हरवतात. २५ ते ३० वस्तू पुरेत. प्रत्येक वस्तू एका चिठ्ठीवर किमतीसह लिहा आणि मुलांना त्या दोरीच्या घरात मांडायला सांगा.

इथे काही ठेचा हमखास लागतात. यादीत 'बेड' म्हणजे पलंग नव्हे, बहुतेक वेळा नुसती भरलेली गादी. चौकट असेल तर ती वेगळी लिहिलेली असते. हे आधी सांगितलं नाही तर मुलं चार पलंग मांडून मोकळी होतात. खुर्च्या कमी आणि पेट्या जास्त दिसतील, कारण पेटीवरच बसत. काटे कमी सापडतात, चमचे जास्त. दुसरी गोष्ट, यादीत नाही म्हणजे घरात नव्हतंच असं धरायचं नाही. हलक्या लाकडी वाडग्यांची, बायकांच्या कपड्यांची नोंद पुष्कळदा केलीच जात नसे. शेवटी बेरीज करायला लावा: १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगचा १ पौंड. हातचा कधी बाराचा तर कधी विसाचा घ्यावा लागतो, त्यामुळे अर्धी मुलं पहिल्यांदा चुकतात. घाई करू नका. बेरीज करताना मुलं प्रत्येक वस्तूकडे दुसऱ्यांदा बघतात, आणि तेच आपल्याला हवं असतं.

वेशभूषेचा प्रश्नही याच याद्या सोडवतात. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या वसाहतीचे लोक म्हणजे काळा झगा आणि मोठं बक्कल, हे चित्र पुढच्या काळातलं आहे. प्लिमथचे विल्यम ब्रूस्टर १६४४ मध्ये वारले, त्यांच्या कपड्यांच्या यादीत जांभळा कोट, लाल वेस्टकोट, निळा सूट आणि आकाशी रंगाचे मोजेबंद आहेत. मुलांना कोरी बाहुली छापून द्या आणि यादी वाचून रंगवू द्या. भाड्याच्या पोशाखापेक्षा हे कितीतरी चांगलं.

व्हर्जिनियाच्या याद्यांमध्ये गुरांच्या आणि भांड्यांच्या ओळींशेजारी माणसांची नावं किमतीसह येतात. ती गुलाम केलेली माणसं. ही ओळ गाळू नका. तिच्यावर चिठ्ठी करून घरात 'मांडूही' नका. ती ओळ तुम्ही स्वतः हळू वाचा, थांबा, आणि विचारा: या माणसाचं आडनाव लिहिलंय का? वय? त्याच्या आईचं नाव? लिलाव, जहाजाचा तळ, फटके यांचं नाटक मुलांकडून कधीही करून घेऊ नये. त्यातून समज वाढत नाही. कुणाला तरी वर्गासमोर लाज वाटते आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो.

सँडीची जाहिरात

मग गुलाम केलेल्या माणसाचं आयुष्य मुलांना दिसणार कसं? त्याच्या मालकाच्याच कागदातून, पण उलट्या बाजूने वाचून. १४ सप्टेंबर १७६९ च्या 'व्हर्जिनिया गॅझेट' या वृत्तपत्रात थॉमस जेफरसन यांनी पळून गेलेल्या सँडी नावाच्या माणसाबद्दल जाहिरात दिली. वय सुमारे ३५, धंद्याने चांभार, काम मुख्यतः डाव्या हाताने, ओबडधोबड सुतारकाम येतं, घोड्यांची चांगली जाण. जाताना पांढरा घोडा आणि चांभारकामाची हत्यारं घेऊन गेला. त्याच परगण्यात सापडला तर ४० शिलिंग, वसाहतीत इतरत्र ४ पौंड, दुसऱ्या वसाहतीत १० पौंड.

कागदावर दोन रकाने करायला लावा. डावीकडे 'मालकाला काय सांगायचं होतं', उजवीकडे 'सँडीबद्दल आपल्याला काय कळलं'. उजवा रकाना भरू लागला की मुलं सावरून बसतात. हत्यारं सोबत नेली म्हणजे कुठेतरी पोट भरायचा बेत होता. घोडा नेला म्हणजे लांब जायचं होतं. बक्षीस अंतराबरोबर वाढतं म्हणजे मालकालाही तीच भीती होती. दहा वर्षांवरच्या मुलांबरोबर हे काम चांगलं होतं. त्यापेक्षा लहानांना दोनच प्रश्न विचारा: त्याला काय काय येत होतं, आणि त्याने बरोबर काय घेतलं. जोडीची वस्तू म्हणून चामड्याचा जाड तुकडा, बोथट सुई आणि मेण लावलेला दोरा द्या. आधी भोकं पाडून ठेवलेली असली तरी पाच टाके घालताना बोटं दुखतात. ते दुखणं आणि जाहिरातीतला 'चांभार' हा एक शब्द मग मुलांच्या मनात एकत्र राहतात. ही जाहिरात देणाऱ्या जेफरसन यांनीच सात वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला, हे शेवटी सांगा, सुरुवातीला नको.

लेखणी, शाई आणि दातेरी करार

पिसाची लेखणी सगळ्यांना हवी असते आणि बहुतेकांची बिघडते, म्हणून हे सविस्तर.

पिसं पाळीव हंसाची किंवा टर्कीची विकत घ्या. अमेरिकेत तळ्याकाठी पडलेलं रानहंसाचं पीस उचलून घरी ठेवणं १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात बसत नाही. पंखाच्या टोकाची पहिली पाच पिसं सर्वांत मजबूत असतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस द्यावं, म्हणजे ते हातावरून बाहेरच्या बाजूला वळतं. डावखुऱ्याला उजव्या पंखाचं. खालच्या बाजूचे सगळे केस ओढून काढा. चित्रात दिसणारं झुपकेदार पीस लिहिताना फक्त आडवं येतं.

पुढची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. कच्चं पीस मऊ आणि दुधाळ असतं, त्यात चीर सरळ जात नाही. रात्रभर पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी धातूच्या डब्यात बारीक वाळू घेऊन ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवा, बाहेर काढा आणि पिसाची नळी तिच्यात काही मिनिटं खोचून ठेवा. नळी काचेसारखी पारदर्शक आणि टणक झाली पाहिजे. तिच्यावर फोड आले तर वाळू फार तापली, दुधाळ राहिली तर कमी तापली.

कापण्याचं काम मोठ्यांनीच करायचं. पहिला तिरका लांब काप टोकाशी घ्या आणि आतला पातळ पापुद्रा ओढून काढा. त्यानंतर टोकाच्या मधोमध सुमारे एक सेंटिमीटर चीर द्या, दोन्ही बाजूंनी खांदे कोरा आणि शेवटी टोक कठीण पृष्ठावर ठेवून एका दाबात आडवं छाटा. पातं नवं हवं. बोथट पात्याने चीर वाकडी पळते आणि लेखणी थेंब गाळते. वीस मुलांसाठी तीस लेखण्या तयार ठेवा, कारण पहिल्या पाच मिनिटांत काही टोकं मोडतातच. पहिल्यांदा लिहिणारी मुलं पेनासारखं दाबतात.

शाईचा खरा वसाहतकालीन प्रकार म्हणजे मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार). कुटलेली मायफळं ३० ग्रॅम, पाणी २५० मिली, दोन-तीन दिवस भिजवा आणि गाळा. त्यात हिराकस २० ग्रॅम आणि डिंकाची पूड १० ग्रॅम. हिराकस पोटात जाता कामा नये, हातमोजे घाला, आणि हे मिश्रण मोठ्यांनीच करा. लहान मुलांसमोर करायचं असेल तर सोपा मार्ग आहे. साबण नसलेल्या बारीक स्टील वुलचा छोटा तुकडा १२० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. तीन मोठे चमचे काळा चहा १२० मिली उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून गाळा. तीन भाग चहात एक भाग लोखंडी व्हिनेगर ओतलं की मुलांच्या डोळ्यांसमोर सगळं काळं होतं. ६० मिली शाईला अर्धा चमचा डिंक घाला. डिंक कमी पडला तर शाई ओघळते, जास्त झाला तर लेखणीला चिकटून बसते. मायफळाची शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागून काही तासांत काळी पडते, तेव्हा 'शाई बिघडली' म्हणून फेकून देऊ नका. प्रिंटरच्या कागदावर दोन्ही शाया फुटतात. जलरंगाचा गुळगुळीत कागद घ्या.

आता लिहायचं काय? उमेदवारीचा, म्हणजे मालकाच्या हाताखाली राहून धंदा शिकण्याचा करार. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १२ व्या वर्षी असा करार करून बोस्टनमध्ये आपल्या भावाच्या, जेम्सच्या छापखान्यात काम धरलं. मुदत वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत होती. अशा करारांत उमेदवाराने मालकाची गुपितं जपायची, जुगार खेळायचा नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, लग्न करायचं नाही. मालकाने खाणं, राहणं आणि धंद्याचं शिक्षण द्यायचं. मुलांच्या जोड्या करा, एक मालक, एक उमेदवार. एकाच कागदावर वर आणि खाली करार दोनदा लिहायचा आणि मधून नागमोडी कापायचा. दोघांकडे एकेक अर्धा. दात एकमेकांत बसले तर करार खरा. इंग्रजीत अशा करारांना 'इंडेंचर' म्हणतात, तो शब्द या दातांवरूनच आला. सगळे अर्धे कागद टेबलावर मिसळून जोड्या शोधायला लावा. फ्रँकलिन १७२३ मध्ये, १७ व्या वर्षी, मुदत संपायच्या आत फिलाडेल्फियाला पळून गेले. हे ऐकल्यावर सँडीची जाहिरात पुन्हा समोर ठेवा. दोघंही पळाले, पण एकाच्या कराराला शेवटची तारीख होती आणि दुसऱ्याकडे करारच नव्हता. तेरा-चौदा वर्षांची मुलं या एका प्रश्नावर अर्धा तास बोलतात.

५ मार्च १७७०: आधी निकाल, मग उत्तर

मोठ्या मुलांसाठी बोस्टनच्या किंग स्ट्रीटवरचा गोळीबार घ्या. रात्री नऊच्या सुमारास जकात कचेरीसमोर एका पहारेकऱ्याचं एका उमेदवार पोराशी वाजलं, जमाव जमला, ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली. त्यांत खलाशी क्रिस्पस ॲटक्स होते आणि १७ वर्षांचा सॅम्युअल मॅव्हरिकही.

वस्तू म्हणून बोस्टनचे चांदीकाम करणारे कारागीर पॉल रिव्हियर यांनी तांब्यावर कोरलेल्या चित्राची मोठी प्रत घ्या. दहा मिनिटं मुलांनी फक्त पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं: सैनिक ओळीत, मागे त्यांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, जकात कचेरीवर 'बुचर्स हॉल' म्हणजे खाटकाचं घर अशी पाटी. मग खटल्यातल्या साक्षींच्या आठ-दहा चिठ्ठ्या वाटा. त्यात रिचर्ड पाम्स यांची साक्ष नक्की ठेवा. गोळी सुटली तेव्हा त्यांचा हात प्रेस्टनच्या खांद्यावर होता. 'फायर' हा शब्द त्यांनी ऐकला, पण कोण म्हणालं ते सांगता आलं नाही. त्या रात्री चर्चच्या घंटा वाजल्या होत्या आणि आग लागली असं समजून लोक धावत आले होते. इंग्रजीत 'फायर' म्हणजे आगही आणि 'गोळी झाडा'ही. हे मुलांना स्वतःला सापडू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

हा तास फसतो तो मुलं 'आपली बाजू' म्हणून मत देतात तेव्हा. त्यावर उपाय असा की प्रत्येकाने मत लेखी द्यायचं, कोणत्या चिठ्ठीमुळे ते लिहायचं, आणि सगळे कागद गोळा होईपर्यंत खरा निकाल सांगायचा नाही. मग सांगा: प्रेस्टन सुटले. आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा दोष आला आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं. बचावाचे एक वकील होते जॉन ॲडम्स, पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. चित्र पुन्हा हातात द्या आणि त्यात खोटं काय आहे ते पेन्सिलीने खुणावू द्या.

जेवण, आणि ज्यांची ती भूमी होती

जेवणाचा तास प्लिमथच्या १६२१ च्या मेजवानीवर घेतला जातो आणि तिथे लोणी ठेवलं जातं. प्लिमथला पहिली गुरं आली ती १६२४ मध्ये. त्याऐवजी मक्याच्या पिठाची पातळ उकड करा: एक कप पीठ आधी एक कप थंड पाण्यात कालवा, मग तीन कप उकळत्या पाण्यात ओतून अर्धा चमचा मीठ घाला आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ढवळा. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, आणि शेवटी उकड उडते म्हणून डाव लांब दांड्याचा घ्या.

जोडीचा कागद म्हणजे प्लिमथचे रहिवासी एडवर्ड विन्सलो यांचं पत्र. त्यात तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे वाम्पानोग लोकांचे प्रमुख मॅसासॉइट आणि त्यांची सुमारे ९० माणसं, तीन दिवसांचं जेवण आणि त्यांनी आणलेली पाच हरणं यांचा उल्लेख आहे. शेजारी एक नकाशा ठेवा. प्लिमथ वसलं त्या जागी आधी पटुक्सेट नावाचं गाव होतं, ते १६१६ ते १६१९ च्या साथीत ओस पडलं. तिथल्या टिस्क्वांटमला १६१४ मध्ये पळवून स्पेनला नेलं होतं. परतला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. पिसांचे मुकुट आणि 'इंडियन नावं' यांना इथे जागा नाही. वाम्पानोग लोकांबद्दल 'होते' असंही म्हणू नका. मॅशपी आणि अक्विना इथे ते आजही राहतात.

प्रत्यक्ष जागा पाहायला जाणार असाल तर नावं नीट बघून घ्या. हिस्टॉरिक जेम्सटाउन ही खरी जागा, तिथे उत्खनन चालतं. जेम्सटाउन सेटलमेंट हे शेजारचं संग्रहालय, तिथे नव्याने बांधलेला किल्ला आणि जहाजं आहेत. लहानांना आधी दुसरीकडे न्या, मग पहिलीकडे. मॅसॅच्युसेट्समधलं ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज हे संग्रहालय-गाव सुंदर आहे, पण ते स्वातंत्र्यानंतरचं जग दाखवतं. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या जुन्या शहरात एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट धरू नका. तीन कारागिरांची दुकानं ठरवा आणि प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न मुलांनी घरूनच लिहून आणायचा. 'हे काय आहे?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'यात सगळ्यांत जास्त वेळा काय बिघडतं?' असं विचारलं की लोहार हातोडा खाली ठेवतो आणि फसलेला तुकडा शोधून मुलाच्या हातात देतो.